हत्तीचे बळ आणि हरीचा हात
(मंडळाच्या शुक्रवारच्या बैठकीत केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, आणि त्यानंतर जे काही वाचले ते पोथ्यांत आणि मुलांच्या पुस्तकांत. त्यामुळे चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "या खेपेला मोक्षावर तुम्ही बोलायचे. मोक्ष आपल्या बळाने मिळतो की देवाच्या कृपेने, यावर," तेव्हा मला हसूच आले. मी म्हटले, "अहो, हा विषय कीर्तनकारांचा. मी फार तर भाजणीवर बोलेन." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचे जे झाले ते सांगा, म्हणजे पुरे." मग मला नाही म्हणता येईना. तेव्हा जे घडले तेच सांगते. त्यात चुकले ते माझे, आणि चांगले असेल ते सासूबाईंचे.

माझ्या सासूबाईंना तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. दुपारी जेवणे आटोपली की ओसरीवर पाट मांडून त्या वही लिहायला बसत. 2012 सालच्या गुढीपाडव्याला त्यांनी संकल्प सोडला होता, अकरा लाख वेळा 'श्रीराम' लिहायचे. ह्यांनी त्यांना दोनशे पानी वह्या आणून दिल्या. प्रत्येक पानावर त्या पट्टीने बारा ओळी आणि नऊ रकाने आखीत. म्हणजे पानाला एकशे आठ नामे, आणि वहीला एकवीस हजार सहाशे. रोजची पाच पाने ठरलेली. पाहुणे आले, लग्नकार्य निघाले, ताप आला की पाने चुकत. मग त्या ती कोपऱ्यात टिपून ठेवीत आणि पुढे भरून काढीत. किराणा दुकानदाराने उधारी लिहावी तसा त्यांचा तो हिशेब असे.

2017 सालच्या मार्गशीर्षात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तोंड वाकडे झालेले दिसताच आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेले, म्हणून जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि बोलणे जड झाले. जवळच्या माणसालाच त्यांचे शब्द उमगत. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. आल्यावर पहिली खूण केली ती फडताळाकडे. तिथे अठ्ठेचाळीस वह्या पुऱ्या झालेल्या आणि एकोणपन्नासावी सत्तराव्या पानावर थांबलेली. मी हिशेब करून सांगितला, "आई, दहा लाख चव्वेचाळीस हजार तीनशे साठ झाली. पंचावन्न हजार सहाशे चाळीस राहिली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. म्हणाल्या, "कर्ज राहिलं ग."

मी त्यांना डाव्या हातात पेन धरून दिले. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. 'श्री' काढता काढता हात थरथरे, अक्षर चौकटीबाहेर जाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन उशीखाली सारले आणि भिंतीकडे तोंड केले. डॉक्टरांनी शिकवलेला हातापायांचा व्यायामही त्या करीनात. जेवण अर्धे झाले. मी हळूच विचारले, "आई, काय होतंय?" तर म्हणाल्या, "संकल्प मोडला. आता काय तोंड घेऊन जाऊ?"

भगिनींनो, हा प्रश्न त्यांचा एकटीचा नव्हता. आपण सगळ्याजणी मनातल्या मनात असा एक हिशेब ठेवीत असतो. इतके सोमवार केले, इतक्या एकादश्या, इतकी पारायणे, इतक्या प्रदक्षिणा. अंगात बळ असते तोवर हिशेब जमतो. पण बळ जाते त्या दिवशी काय? ज्याला जमेच्या बाजूला पुढे काहीच लिहिता येत नाही, त्याचा देव कोण? मोक्षाचा विषय पंडितांसाठी ग्रंथात असेल, आपल्यासाठी तो या अंथरुणाशी आहे.

मी त्यांना म्हटले, "आई, राहिलेली नामे मी लिहिते. सुनेचा हात तो तुमचाच हात." त्यांना ते पटले. महाशिवरात्रीपासून मी रोज रात्री तीन पाने लिहू लागले. दिवसभर त्यांचे करणे, स्वयंपाक, धुणीभांडी, धाकट्याची शाळा, हे सगळे उरकून दहा वाजता मी वही उघडी. त्या पलंगावरून पाहत आणि मी पान उलटले की डावे बोट वर करून मोजीत. सुरुवातीला मला बरे वाटे. पुढे पुढे मात्र मी नाम लिहीत नव्हते, चौकटी भरीत होते. शेजारणी कौतुक करीत, "अशी सून मिळायला भाग्य लागतं," आणि मला ते गोड लागे. हे मी आज लपवीत नाही.

वैशाखातली एक रात्र. उकाडा असह्य होता. मी वही लिहीत होते, दोन पाने झाली होती आणि तिसरे चालले होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, "पाणी." मी मान वर न करता म्हटले, "थांबा हो आई, एवढं पान होऊ द्या. तुमचंच लिहितेय ना?" त्या गप्प राहिल्या. माझ्या चौकटी चालूच. थोड्या वेळाने तांब्या पडल्याचा आवाज झाला. वळून पाहते तो त्या डाव्या हाताने तांब्या घ्यायला गेलेल्या, तोल जाऊन पलंगाच्या कडेवरून निम्म्या खाली आलेल्या. अंथरूण भिजलेले, कोपर खरचटलेले. मी धावले, ह्यांना उठवले, दोघांनी त्यांना नीट निजवले. त्या रागावल्या नाहीत. उलट वहीकडे बोट करून म्हणाल्या, "लिही, लिही." त्या दोन शब्दांनी मला जे झाले ते रागाने झाले नसते. त्या रात्री मी तिसरे पान पुरे केले, पण अक्षर कुणाचे होते ते मला ठाऊक नाही.

त्याच वर्षी, 2018 साली, अधिक ज्येष्ठ आला. तुम्हाला आठवत असेल, आपल्या देवळात भागवताचा सप्ताह बसला होता. मी घटकाभर सुटका म्हणून जाई. चौथ्या दिवशी बुवांनी कृष्णजन्माच्या आधी आठव्या स्कंधातले गजेंद्राचे आख्यान लावले. हत्ती आणि मगर ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. हत्तीने हाक मारली, देव आला, मगर मेली. पण बुवांनी ती मुळाबरहुकूम सांगितली तेव्हा कळले की गोष्टीतले निम्मे मी ऐकलेच नव्हते. पुढे मी देवळातून भागवताचे मराठी भाषांतर आणून ते अध्याय दोनदा वाचले. ते तुम्हाला थोडक्यात सांगते.

क्षीरसागराने वेढलेला त्रिकूट नावाचा पर्वत. त्याच्या दरीत वरुणाची बाग आणि बागेत कमळांनी भरलेले सरोवर. हत्तींचा राजा उन्हाने तापून आपल्या माद्यांपिलांसह पाणी प्यायला आला. सोंडेने पाणी घेऊन तो पिलांना पाजतो आहे, न्हाऊ घालतो आहे. म्हणजे आपल्यासारखाच संसारी! तोच मगरीने त्याचा पाय धरला. त्याने जोर लावला. बरोबरचे हत्ती मागून ओढू लागले, माद्या केविलवाण्या ओरडू लागल्या, पण कुणाच्याने तो सुटेना. ही ओढाताण हजार वर्षे चालली असे भागवत सांगते. आणि त्यात एक बारीक गोष्ट सांगितली आहे. दिवस जात तसे हत्तीचे बळ घटत गेले आणि मगरीचे वाढत गेले, कारण पाणी हे मगरीचे घर होते. मला वाटते, यात सगळा संसार आला. आपण परक्या पाण्यात उभ्या राहून जोर करतो. जोर खोटा नसतो, पण तो दिवसेंदिवस कमी होणारा असतो. म्हातारपण, आजार, मरण या मगरी त्यांच्या पाण्यात आहेत. त्या थकत नाहीत.

शेवटी हत्तीने ओळखले की आपले बळ संपले आणि आप्तांचेही. तेव्हा त्याने मन स्थिर केले आणि मागल्या जन्मी शिकलेले एक स्तोत्र त्याच्या मुखी आले. भगिनींनो, 'मागल्या जन्मी शिकलेले' हे शब्द ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे. त्या स्तोत्रात त्याने कुठल्याही देवाचे नाव घेऊन हाक मारली नाही. जो सर्वांचे मूळ आहे त्याला शरण, एवढेच. म्हणून ब्रह्मादी देव आले नाहीत. जो सर्वांचा आत्मा आहे तो हरी गरुडावर बसून निघाला. त्याला आकाशात पाहताच हत्तीने सरोवरातले एक कमळ सोंडेत धरून वर केले आणि मोठ्या कष्टाने नारायणाला नमस्कार केला. त्याच्यापाशी द्यायला तेवढेच होते, आणि ते कमळही त्याच सरोवरातले, जिथे तो बुडत होता.

मग काय झाले? आपल्या चित्रात देव वरूनच चक्र फेकतो. भागवतात तसे नाही. हरी गरुडावरून खाली उतरला आणि त्याने हत्तीला मगरीसकट पाण्याबाहेर ओढून काढले. मगरीचे तोंड फाडले ते त्यानंतर. 'आधी पाय सोडवून घे, मग मी तुला काढतो' असे त्याने म्हटले नाही. जशी अडकली आहेस तशी, ज्याने धरले आहे त्याच्यासकट वर ये, असे ते झाले. आणि मगरीचेही भलेच झाले. तो हूहू नावाचा गंधर्व होता, देवल ऋषींच्या शापाने मगर झालेला. तोही सुटला.

इथपर्यंत ऐकताना माझे डोळे भरले होतेच. पण पुढे बुवांनी हत्तीचा पूर्वजन्म सांगितला आणि मला देवळात बसवेना.

हा हत्ती पूर्वजन्मी पांड्य देशाचा राजा इंद्रद्युम्न होता. मोठा विष्णुभक्त. मलय पर्वतावर आश्रम करून, जटा वाढवून, मौन धरून पूजेला बसे. एके दिवशी तो असाच पूजेत असताना अगस्त्य ऋषी शिष्यांसह दारी आले. राजा उठला नाही, बोलला नाही, आदरातिथ्य केले नाही. तेव्हा अगस्त्यांनी शाप दिला की हत्तीसारखा जड बसून राहिलास, हत्तीच हो.

मी तिथे बसल्या बसल्या माझीच गोष्ट ऐकली. मी रामाचे नाव लिहीत होते आणि माझ्या मागे, दोन हातांवर, तहानलेले माणूस पाणी मागत होते. राजा पूजेत होता आणि ऋषी दारात होते. राजाचे चुकले ते पूजेत नव्हे. पूजा ही आपली मिळकत आहे असे वाटू लागले की माणूस दारातल्याला ओळखत नाही, असे मला तरी समजले. आपल्या बळावर देव मिळवायला निघाले की हे बळ असे डोळ्यांवर येते.

तरी पाहा, तो राजा शापाने हत्ती झाला, पण त्याची भक्ती वाया गेली नाही. मागल्या जन्मी शिकलेले ते स्तोत्र! तेच या जन्मी, सगळे बळ संपल्यावर, आपण होऊन वर आले. म्हणजे साधना ही देवाला द्यायची किंमत नव्हे, पण ती फुकटही जात नाही. ती आत कुठेतरी मुरते आणि ज्या दिवशी आपल्याला काही करता येत नाही त्या दिवशी ती आपल्याला हाक मारायला शिकवते. सोडवतो तो मात्र हरीच.

घरी आले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. आधी त्यांना पाणी पाजले. मग पलंगाजवळ बसून सगळे आख्यान सांगितले, राजा इंद्रद्युम्नासुद्धा. म्हटले, "आई, त्या रात्री मी तुमच्या नावाचं नाम लिहीत बसले आणि तुम्हाला पाणी दिलं नाही. मला क्षमा करा." त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अडखळत म्हणाल्या, "हत्तीनं किती कमळं दिली?" मी म्हटले, "एकच." तर म्हणाल्या, "मग मी पुष्कळ दिली." आणि हसल्या. मार्गशीर्षापासून त्या पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी रात्री मी वही उघडली, तर त्यांनी बोटाने मिटायला सांगितली. पन्नासावी वही एकशे चाळीस पाने झाली होती. पुढची पाने कोरी. सव्वीस हजार चारशे ऐंशी नामे राहिली होती, ती राहिली. त्या वेळात मी त्यांच्या हातापायांना तेल लावू लागले. त्या डोळे मिटून पडत. ओठ हलत असत की नाही ते मी पाहिले नाही. व्यायाम मात्र पुन्हा सुरू केला, आणि जेवणही सुधारले.

दक्षिणेत रामानुजाचार्यांच्या अनुयायांत या प्रश्नावरून दोन पंथ पडले, एक वडकलै आणि दुसरा तेंकलै, असे बुवांनी सांगितले होते. एक म्हणतो, भक्त माकडीच्या पिलासारखा असावा. आई उड्या मारते, पण तिच्या पोटाला घट्ट धरून राहणे पिलाचे काम. दुसरा म्हणतो, भक्त मांजरीच्या पिलासारखा असावा. पिलू काहीच करीत नाही, आई त्याला मानेला तोंडाने धरून नेते. पंडितांनी यावर पुष्कळ वाद केले. मला वाद कळत नाही. पण सासूबाईंकडे पाहून मला एवढे वाटले की हात आहेत तोवर माणसाने माकडीचे पिलू व्हावे, आणि हात सुटले की घाबरू नये. आई तीच असते. हात सुटल्यावर कळते की तिनेही आपल्याला धरलेलेच होते.

कुणी म्हणेल, मग उपासतापास, जपजाप्य, सेवा, सगळे सोडून स्वस्थ बसावे काय? मी तसे म्हणत नाही. मीही सोमवार सोडलेले नाहीत. आणि कुणाला झटका आला तर देवावर भरवसा म्हणून घरी ठेवू नका, तडक दवाखाना गाठा. औषधपाणी, कष्ट, काटकसर, मुलांचे शिक्षण ही आपल्या बळाची कामे आहेत आणि ती बळ असेतोवर करायचीच. हत्तीनेही आधी जोर लावलाच होता, आणि त्यात त्याचा दोष कुणी काढलेला नाही. मी म्हणते ते इतकेच, की त्या कामांची पावती करून ती देवापुढे धरू नये, आणि जिला ती कामे जमली नाहीत तिला कमी लेखू नये. आपल्या गल्लीतही अशा बाया आहेत, ज्यांना रोजंदारीमुळे एकादशी जमत नाही, ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या घरात पोथी उघडायला जागा नाही. त्यांच्या बाजूने बोलणारा कुणी आहे की नाही? मला वाटते, आहे. तो हत्तीसाठी गरुडावरून खाली उतरला होता.

आपल्या महाराष्ट्रात तर ही गोष्ट एका मुलीने सांगून ठेवली आहे. चांगदेव मोठे योगी. योगबळाने चौदाशे वर्षे जगले अशी कथा आहे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसले, तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप'? शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षे झाली तरी हे कोरेच राहिले! पुढे वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना या भावंडांनी भिंत चालवून दाखवली, ती भिंत आळंदीला दाखवतात. आणि त्या म्हाताऱ्या योग्याने पोरवयाच्या मुक्ताबाईला गुरू केले. चौदाशे वर्षांचे बळ तिच्यापुढे नमले. तिची समाधी जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगराजवळ आहे. वारीला दरसाल तिची पालखी पंढरपूरला येते.

ही कथा मी मुद्दाम सांगितली, कारण तिच्यातला कोरा कागद माझ्या मनात घर करून आहे. तो कागद ज्ञानदेवांनी टाकून दिला नाही. त्याच्या उत्तरादाखल त्यांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. ज्याने पाठवला त्याला लिहिता आले नव्हते. लिहिणारा पलीकडचा होता.

सासूबाई त्याच वर्षी श्रावणात गेल्या. पहाटे, झोपेत. मी त्यांच्या पलंगाशेजारी जमिनीवर निजले होते. चारच्या सुमारास उठून पाणी विचारायला गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दिवसकार्याला आलेल्या बायका विचारीत, "शेवटी मुखात नाव होतं का?" अंतकाळी नाव हवे असे आपण सगळ्याच मानतो. मी खरे तेच सांगितले, "मी झोपले होते, मला ठाऊक नाही." एकीने हळहळून म्हटले, "अरेरे, एवढं लिहून शेवटी—" आणि पुढचे गिळले. कुणी सुचवले की राहिलेली नामे आता तरी पुरी करा, म्हणजे त्यांच्या जीवाला गती मिळेल.

त्या रात्री मी ती वही काढून बसले. पेनही उघडले. सहा वर्षांमागची मी असते तर भीतीने सगळी पाने भरली असती. मग मला त्यांचे हसणे आठवले, आणि हत्तीचे एक कमळ आठवले. मनात म्हटले, झोपेत गेलेल्या म्हातारीचे शेवटचे अक्षर ऐकू आले नाही म्हणून जो तिला सोडून देईल, तो हत्तीसाठी कशाला धावला असता? मगरीसकट ओढून काढणारा तो, झोपेसकट उचलणार नाही काय? मी पेन मिटले.

ती पन्नासावी वही अजून फडताळात आहे. एकशे चाळीस पाने भरलेली, साठ कोरी. मी ती भरलेली नाही आणि भरणारही नाही. ह्यांनी एकदा विचारले, "ही अर्धवट कशाला ठेवतेस?" मी म्हटले, "अर्धवट नाही हो. एवढी पाने आपली, आणि पुढची त्याची."

आणि रात्री कुणी पाणी मागितले, तर आता मी हातातले काहीही बाजूला ठेवून आधी उठते. माझ्या वाट्याचे बळ देवाने तेवढ्यासाठी दिले आहे असे मी धरून चालते. बाकीचे त्याच्याकडे.